जहाजावर चढताना : चालण्यास त्रास असलेल्या आप्तांसोबतचा क्रूझ प्रवास

एकेकाळी मुंबईहून कोकणात जाणाऱ्या आगबोटी अनेक बंदरांत धक्क्याला लागत नसत. खोल पाण्यात बोट उभी राही आणि प्रवाशांना पडावात उतरावे लागे. वृद्धांना खलाशी हात धरून, प्रसंगी उचलून खाली घेत. आजच्या क्रूझ जहाजांवर लिफ्ट आहेत, उपाहारगृहे आहेत, डॉक्टरही असतो. मात्र धक्का आणि जहाज यांमधील काही मीटरचे अंतर आजही गुडघेदुखी, पक्षाघात किंवा संधिवात असलेल्या प्रवाशाला सर्वाधिक कठीण जाते. या टप्प्याचा विचार आरक्षणाच्या वेळी झाला नाही, तर हौसेने नेलेल्या आई-वडिलांवर बंदर केवळ डेकवरून पाहण्याची वेळ येते.

आरक्षण करतानाच सांगावे

बहुतेक क्रूझ कंपन्या विशेष गरजांसाठी स्वतंत्र अर्ज भरून घेतात. व्हीलचेअर स्वतःची आहे का, ती घडीची आहे की बॅटरीवर चालणारी, प्रवासी काही पावले चालू शकतो का, पायऱ्या चढू शकतो का, ही माहिती त्यात नेमकी द्यावी. संकोचापोटी ‘थोडासा त्रास आहे’ एवढेच लिहिल्यास धक्क्यावर मदतनीस मिळत नाही. बॅटरीवरील खुर्ची असल्यास बॅटरीचा प्रकार आधी कळवावा. द्रव आम्ल असलेल्या बॅटऱ्या सहसा नाकारल्या जातात. धक्क्यावर मिळणारी व्हीलचेअर सामान्यतः जहाजावर चढण्या-उतरण्यापुरतीच असते. प्रवासभर हवी असल्यास स्वतःची न्यावी किंवा भाड्याने ठरवावी.

खोलीची निवड

साध्या खोलीचे दार बरेचदा इतके अरुंद असते की उघडी व्हीलचेअर आत जात नाही. स्नानगृहाला उंच उंबरठा असतो. सुगम्य खोलीत दार रुंद, स्नानगृह सपाट आणि भिंतीला आधाराचे दांडे असतात. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असल्याने त्या लवकर भरतात. खोली कंपनीने नंतर ठरवायची, अशी सवलतीची योजना येथे टाळलेली बरी. साधी खोली घ्यावी लागल्यास ती जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ असावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात व चालणेही कमी पडते. व्हीलचेअर रात्री मार्गिकेत ठेवता येत नाही; आणीबाणीत तीच वाट सुटकेची असते.

भरती-ओहोटी आणि गँगवे

धक्क्यावरून जहाजात नेणाऱ्या पुलाला गँगवे म्हणतात. त्याचा उतार पाण्याच्या पातळीनुसार बदलतो. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांत चार मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक फरक पडतो. त्यामुळे सकाळी सौम्य वाटणारा उतार दुपारी छातीवर येऊ शकतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास प्रवास असेल तर याची विशेष जाणीव ठेवावी. चढण तीव्र दिसल्यास कर्मचाऱ्यांना सांगून थोडा वेळ थांबण्यात कमीपणा नाही. खुर्ची ढकलण्याचे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर सोपवावे. उतारावर ती खाली नेताना प्रवाशाची पाठ उताराच्या दिशेला, म्हणजे खुर्ची उलटी धरून नेणे अधिक सुरक्षित असते.

मुंबईतील बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झाले. इमारत कितीही सोयीची असली, तरी सामान तपासणी, कागदपत्रे आणि सुरक्षा यांच्या रांगा असतातच. दिलेल्या वेळेच्या आरंभीच पोहोचावे आणि प्रवेशद्वारावरच मदत मागावी.

होडीतून उतरण्याची बंदरे

काही ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. लक्षद्वीपच्या बेटांजवळ जहाज खोल पाण्यात थांबते व प्रवासी लहान होड्यांतून किनारा गाठतात. ग्रीसमधील सॅंटोरिनी येथेही तसेच आहे. तेथे होडीतून उतरल्यावर गावात जाण्यासाठी सुमारे ६०० पायऱ्या किंवा रोपवे आहे. हलत्या होडीत पाऊल टाकता येणे ही अनेक कंपन्यांची अट असते आणि समुद्र खवळलेला असल्यास कप्तान व्हीलचेअर नेण्यास नकार देऊ शकतो. मार्गातील कोणत्या बंदरांत जहाज धक्क्याला लागते, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. या एका प्रश्नाने पुढची निराशा टळते.

सुरक्षा कवायत

२०१२मधील कोस्टा कॉन्कॉर्डिया दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. आगीच्या वेळी लिफ्टवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून आपल्या आप्ताला जिन्यावरून कोण व कसे नेणार, हे पहिल्याच दिवशी विचारावे आणि मदत लागणाऱ्यांच्या यादीत नाव असल्याची खात्री करावी.

कायदा काय सांगतो?

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने सुगम्य वाहतुकीचे तत्त्व मान्य केले आहे. युरोपीय संघातील बंदरातून निघणाऱ्या क्रूझसाठी २०१०चा नियम क्रमांक ११७७ लागू होतो. त्यानुसार किमान ४८ तास आधी कळवल्यास विनाशुल्क साहाय्य मिळते. कंपनीच्या चुकीने व्हीलचेअरची हानी झाल्यास भरपाईही मागता येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये, अपंगांविषयीचा तेथील कायदा अमेरिकी जलक्षेत्रातील परदेशी ध्वजाच्या क्रूझ जहाजांनाही लागू होतो, असा निर्णय दिला. मात्र जहाजाच्या सुरक्षेला बाधा आणणारे बदल त्यात अपेक्षित नाहीत.

निघण्यापूर्वी

* औषधे, डॉक्टरांचे पत्र व ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठे सामान खोलीत पोहोचण्यास काही तास लागतात.
* व्हीलचेअरवर नाव व खोली क्रमांकाची चिठ्ठी लावावी.
* प्रवास विम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे का, ते पाहावे.
* चढण्याच्या दिवशी रबरी तळव्याची, घट्ट बसणारी पादत्राणे घालावीत.
* मदत कशी हवी, हे प्रथम त्या व्यक्तीलाच विचारावे. कोणी न विचारता उचलले, तर जहाजावर पोहोचूनही मन धक्क्यावरच राहते.