पटनीच्या चर्चमधला कागद

नावाड्याच्या हातावर नाणं ठेवून तुम्ही लंडनजवळच्या पटनीच्या काठावर उतरता. पूल शोधू नका, तो बांधायला अजून ऐंशीएक वर्षं आहेत. आज गुरुवार, २८ ऑक्टोबर १६४७. समोर सेंट मेरीच्या चर्चचा दगडी मनोरा आणि दाराशी घोडी धरून उभे असलेले शिपाई. पार्लमेंटने राजाविरुद्ध उभारलेली ही फौज. लढाई तिने जिंकली, पण पगार थकलाय आणि पार्लमेंटला तिला घरी धाडायची घाई झालीय. हरलेला राजा चार्ल्स इथून काही मैलांवर हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात नजरकैदेत आहे, तोही सगळा मानमरातब सांभाळून. राज्य नेमकं कोणाचं, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आत शिरा. ओल्या लोकरीचा आणि जाड चामडी डगल्यांचा वास नाकात भरतो. कोपऱ्यात विशीतला एक कारकून लघुलिपीत खरडतोय, तो विल्यम क्लार्क. त्याच्या शेजारची जागा धरा. त्याच्या टिपणांच्या प्रती ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजात धूळ खात पडणार आहेत. १८९०च्या सुमारास चार्ल्स फर्थ हा इतिहासकार त्या बाहेर काढेपर्यंत इथलं बोलणं जगाच्या कानी जायचं नाही.

सेनापती फेअरफॅक्स आजारी, म्हणून सभा चालवतोय ऑलिव्हर क्रॉमवेल. त्याच्याजवळ त्याचा जावई हेन्री आयर्टन, कायदा शिकलेला आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारा. समोर पलटणीपलटणीतून शिपायांनी निवडून दिलेले प्रतिनिधी. साधा स्वार एडवर्ड सेक्सबी क्रॉमवेलला तोंडावर सुनावतो, की राजाची मर्जी सांभाळण्याच्या नादात तुमची पत गेली. कोणी त्याला खाली बसवत नाही.

मग 'जनतेचा करार' नावाचा कागद वाचला जातो. लेव्हलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळींची त्याला फूस आहे. वस्तीच्या प्रमाणात जागा वाटा, दर दोन वर्षांनी नवं पार्लमेंट निवडा, असं त्यात आहे. त्या पार्लमेंटच्या वर राजा नाही, उमरावही नाहीत. वर फक्त त्याला निवडणारे. इथवर ऐकून तुम्ही मान डोलावता. पण पुढची कलमं कान देऊन ऐका. धर्माच्या बाबतीत या पार्लमेंटने हुकूम सोडायचा नाही. कोणाला जबरदस्तीने लढाईवर न्यायचं नाही. झाल्या युद्धातल्या बोलण्यावागण्याबद्दल कोणाला धरायचं नाही. जन्म, जमीनजुमला, हुद्दा काहीही असो, कायदा सगळ्यांना एकच.

लोकांनी निवडलेल्यांनाही हे करता येणार नाही, कारण लोकांनी ते त्यांच्या हाती दिलेलंच नाही. शेत बघायला मुखत्यारपत्र दिलं म्हणून कोणी राहतं घर विकू शकत नाही, तसं. भारताच्या संविधानातलं तेरावं कलम माहीत असेल, तर मूलभूत हक्कांना धक्का लावणारा कायदा रद्दबातल ठरवायची ही चाल तुम्हाला ओळखीची वाटेल. पटनीची सभा गाजली ती मताच्या हक्कावरून. पण माझ्या मते त्या कागदावरचा जास्त धाडसी मजकूर पार्लमेंटचे हात बांधणारा हा होता.

क्रॉमवेल मात्र हरकत घेतो. आपण हा वाद घालत असताना दुसरं टोळकं असाच दुसरा कागद घेऊन आलं तर? मग तिसरं आलं तर? देशाचं स्वित्झर्लंड होईल, एक परगणा दुसऱ्यावर उठेल. लोक मालक हे मान्य, पण अमुक कागद लोकांचाच, हे ठरवणार कोण? दिवसभरात इतका अडचणीचा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. गावोगाव लोकांची संमती घेऊ, हे उत्तर कागदातच सुचवलंय. पण ती घ्यायची कुणी, आणि तोवर तलवार कोणाच्या हाती?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मंडळी क्वार्टरमास्टर जनरलच्या बिऱ्हाडी जमतात. प्रार्थना लांबते, मग मताच्या हक्कावरच्या वादाला तोंड फुटतं. आयर्टन म्हणतो, मत त्यालाच, ज्याची या देशात जमीन किंवा कायमचा धंदा आहे. निसर्गाने दिलेला हक्क म्हणून मत मागाल, तर उद्या त्याच हक्काने माझी जमीनही मागाल. कर्नल टॉमस रेन्सबरो भडकतो. गरिबातल्या गरिबालाही जगायला आयुष्य आहे, आणि ज्या राज्यात आपला आवाज नाही ते त्याने मुकाट का सोसावं? सेक्सबी त्याच्या बाजूने उभा राहतो: आम्हा हजारोंची कुठे मालमत्ता नाही, तरी जीव पणाला लावले, हक्क नसेल तर आम्ही भाडोत्रीच ठरलो.

गंमत अशी, की लेव्हलरांकडून बोलणारा पेटी नावाचा माणूस चाकर, शिकाऊ उमेदवार आणि भिक्षेवर जगणारे यांना मताबाहेर ठेवायला तयार होतो. मालकाच्या धाकाने ते मत देतील, ही त्याची सबब. बायकांचं नाव तर कोणी काढतच नाही.

इथून पुढे पावलं भराभर उचला. ११ नोव्हेंबरला राजा हॅम्प्टन कोर्टमधून निसटतो. १५ला वेअरजवळच्या माळावर काही पलटणी टोप्यांत तोच कागद खोचून उभ्या राहतात. बंडाच्या आरोपावरून तिघांना मृत्युदंड होतो, चिठ्ठी रिचर्ड आर्नल्डच्या नावाने निघते आणि त्याला पलटणीसमोर गोळी घालतात. बिऱ्हाडातल्या त्या वादाला बरोबर वर्ष होतं त्या दिवशी रेन्सबरो डॉनकास्टरमध्ये राजाच्या माणसांकडून मारला जातो.

आता लंडनला, पार्लमेंटच्या दारात या. ४ जानेवारी १६४९. फौजेने नको ते सभासद आधीच हाकलून दिलेत. उरलेले ठराव करतात: न्याय्य सत्तेचा उगम लोकांत आहे, आम्ही लोकांचे निवडलेले, म्हणून आम्ही करू तो कायदा, राजा आणि उमरावांच्या संमतीवाचून. पटनीच्या कागदात होती तशी, लोकांनी स्वतःकडे राखून ठेवलेल्या गोष्टींची यादी या ठरावात नाही. नव्या निवडणुकीची तारीखही नाही. महिना संपायच्या आत राजाचं डोकं उडवलं जातं आणि ही मंडळी सव्वाचार वर्षं खुर्च्या सोडत नाहीत. २० एप्रिल १६५३ला क्रॉमवेल बंदूकधारी शिपाई आत बोलावतो आणि सभागृह मोकळं करून घेतो.