दोन कोठारांचा संसार : छोटी एसएसडी, अवाढव्य गेम आणि साठ वर्षांपूर्वीचे एक उत्तर

सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलने ‘एक्स२५-एम’ ही एसएसडी बाजारात आणली. क्षमता ८० जीबी आणि घाऊक दर ५९५ डॉलर. त्याच्या आदल्याच वर्षी हिताचीने १ टीबीची हार्ड डिस्क विक्रीला काढली होती. म्हणजे नवे साधन कितीतरी पटींनी चपळ होते, पण जुन्याच्या मानाने अगदीच तोकडे आणि महाग. पुढची सात-आठ वर्षे जगभरच्या, आणि अर्थातच भारतातल्याही, हौशी संगणकधारकांनी दोन कोठारांचा संसार चालवला : ६४ किंवा १२० जीबीची एसएसडी आणि तिच्या जोडीला जुनी हार्ड डिस्क. कार्यप्रणाली एसएसडीवर गेली, छायाचित्रे आणि चित्रपट हार्ड डिस्कवर राहिले. अडचण झाली ती गेमच्या फोल्डरांची. त्यांना वेगही हवा आणि जागाही हवी. २०१५ मध्ये संगणकावर आलेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ एकटाच ६५ जीबी मागत होता.

वेगातील ही दरी मुळात यंत्रशास्त्राची आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पुरी होते. हवी ती जागा वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास वाचने, याहून जास्त नाही. फ्लॅश स्मृतीत काहीच फिरत नाही. डॉवन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडलेल्या ‘तरंगत्या गेट’मध्ये इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि ते आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात त्यावरून फ्लॅश स्मृती घडवली. तिच्या वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो.

जवळ काय ठेवायचे आणि दूर काय, हा प्रश्न मात्र एसएसडीपेक्षा फार जुना आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ज्याचे नामकरण केले त्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची स्मृती २०४८ शब्दांची होती. प्रत्येक शब्द ४० बिटांचा. सगळे मिळून जेमतेम १० किलोबाइट. एवढ्या जागेत गणित कसे बसवायचे, कोणता आकडा ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः ठरवायचे. त्या काळी जगभर हीच रीत होती आणि या मांडामांडीत शास्त्रज्ञांचे दिवसच्या दिवस जात.

त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९६२ रोजी, मँचेस्टर विद्यापीठात ‘अॅटलस’ संगणकाचे उद्घाटन झाले. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढची परिस्थिती एसएसडीवाल्याच्या परिस्थितीशी चकित करण्याइतकी मिळतीजुळती होती. चुंबकीय कड्यांची जलद स्मृती १६ हजार शब्दांची, आणि फिरत्या ड्रमवरची संथ स्मृती ९६ हजार शब्दांची : प्रमाण एकास सहा. कड्यांतून शब्द मिळण्यास दोन मायक्रोसेकंद पुरत, ड्रमवरून सुमारे सहा मिलिसेकंद लागत. किलबर्न यांच्या गटाने स्मृतीचे ५१२ शब्दांच्या पानांत तुकडे केले. आज्ञावलीने फक्त पत्ता सांगावा. ते पान सध्या कड्यांत आहे की ड्रमवर, याची उठाठेव यंत्राने करावी. जलद स्मृतीत ३२ पाने मावत. नवे पान आत घ्यायचे तर कोणते बाहेर काढायचे, हे ठरवण्यासाठी एक ‘शिकणारी’ आज्ञावली होती. प्रत्येक पान किती वेळ पडून आहे आणि याआधी किती काळ पडून होते, याची ती नोंद ठेवी आणि जे पान आता लवकर लागणार नाही असे वाटेल त्याची रवानगी ड्रमवर करी. आभासी स्मृतीचा जन्म तो हाच. पत्ता आणि जागा या दोन गोष्टींची फारकत करणे, हे त्यातले खरे कर्तृत्व.

कल्पना सुंदर असली तरी तिची गाडी पुढे अडली. एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू केल्या की यंत्र कामाऐवजी पानांची ने-आणच करत बसे. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी याचे कारण सांगितले : कोणतीही आज्ञावली एका कालखंडात आपल्या पानांपैकी एका छोट्या गटातच वावरते. हा ‘कार्यसंच’ जलद स्मृतीत मावला तर सर्व सुरळीत. न मावला तर सगळा डोलारा कोसळतो.

गेम खेळणाराही असाच वागतो. पंधरा गेम विकत घेतलेले असतात, महिनाभर खेळला जातो तो एखाद-दुसरा. मग हे काम यंत्रावर का सोपवू नये? २०११ मध्ये इंटेलने ६४ जीबीपर्यंतची एसएसडी हार्ड डिस्कची जलद साठवण म्हणून वापरण्याची सोय दिली, आणि २०१२ मध्ये अॅपलने १२८ जीबी फ्लॅश व हार्ड डिस्क एकच भासवणारी ‘फ्यूजन ड्राइव्ह’ आणली. दोन्हींत अॅटलसचाच आत्मा होता. पण बहुसंख्य लोकांकडे साधी एसएसडी होती, आणि किलबर्न यांनी माणसाच्या हातून काढून घेतलेले काम अर्ध्या शतकानंतर पुन्हा त्याच्याच गळ्यात आले.

त्यांनी हाताशी धरले ते युनिक्समधले जुने साधन. १९८३ च्या ‘४.२ बीएसडी’ आवृत्तीपासून युनिक्सच्या त्या शाखेत सांकेतिक दुवे होते. विंडोज २००० मध्ये फोल्डरांसाठी तसलेच ‘जंक्शन’ आले. गेमचे फोल्डर हार्ड डिस्कवर हलवायचे आणि त्याच्या मूळ ठिकाणी त्याच नावाचा दुवा सोडायचा. गेम जुन्याच पत्त्यावर फाइल मागतो, त्याला ती मिळते, आणि ती दुसऱ्या डिस्कवरून आली याचा त्याला पत्ताही नसतो. नाव आणि जागा यांची ही फारकत अॅटलसच्याच कुळातली. फरक इतकाच की इथे ‘शिकणारी आज्ञावली’ म्हणजे खुर्चीवर बसलेला माणूस. आणि माणूस चुकतो. प्रत नीट उतरली आहे का हे पडताळण्याआधीच मूळ फोल्डर पुसणे ही त्यातली सर्वांत महागडी चूक. २०१२ मध्ये ‘स्टीम’ने दुसऱ्या डिस्कवर स्वतंत्र संग्रह उघडण्याची सोय दिली आणि या कसरतीची गरज बरीच ओसरली.

तरी एक प्रश्न उरतोच : गेमची फोल्डरे इतकी फुगली कशाने? चित्रांची बारकाई आणि ध्वनी ही उघड कारणे. २०१४ च्या ‘टायटनफॉल’च्या ४८ जीबींपैकी सुमारे ३५ जीबी नुसता असंक्षिप्त ध्वनी होता, कारण मंद प्रोसेसरांवर तो उलगडण्याचा भार पडू नये. दुसरे कारण अधिक मार्मिक आहे. हार्ड डिस्कचे शीर्ष इकडून तिकडे धावू नये म्हणून निर्माते एकच वस्तू, समजा रस्त्यावरची टपालपेटी, नकाशाच्या प्रत्येक भागाच्या माहितीशेजारी पुन्हा पुन्हा नोंदवत. जागा वाया घालवून वेळ विकत घ्यायचा. प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सेर्नी यांनी मार्च २०२० मधील व्याख्यानात ‘स्पायडर-मॅन’चे उदाहरण दिले : त्यातील काही माहिती डिस्कवर तब्बल ४०० वेळा होती.

म्हणजे छोट्या एसएसडीवर न मावणारे ओझे काही अंशी हार्ड डिस्कच्याच दुखण्यावरचे औषध होते. दुखणे गेले, औषध चालू राहिले. ‘हेलडायव्हर्स २’ या गेमच्या स्वीडिश निर्मात्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या संगणक-आवृत्तीतील अशा प्रती काढून टाकल्या; गेमचा आकार सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आला. हार्ड डिस्क वापरणाऱ्यांचा खोळंबा खूप वाढेल अशी त्यांना धास्ती होती. मोजून पाहता फरक काही सेकंदांचाच निघाला. वेळ प्रामुख्याने खात होती ती प्रत्येक खेपेस नवी भूमी रचण्याची आकडेमोड, आणि ती प्रोसेसरवर चालते.