मराठी अक्षरांची गांठोडीं

संगणकावर मराठी अक्षर उमटविण्यासाठीं एके काळीं यंत्राच्या पोटांत निराळें कार्ड बसवावें लागे. कानपूरच्या आय. आय. टी.त जन्मलेलें हें 'जिस्ट' तंत्र १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनें पुढें वाढविलें. कार्ड नाहीं, तर मराठी नाहीं! मागाहून नुसत्या फॉन्टवर काम भागूं लागलें. पण प्रत्येक विक्रेत्याचा अक्षरसंकेत वेगळा. पुण्यांत लिहिलेलें पत्र रोह्याजवळच्या वरसे गांवीं उघडावें आणि तोच फॉन्ट तेथें नसावा, कीं पडद्यावर निव्वळ चिन्हांचा बुजबुजाट. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व संकेताचा घोळ हळूहळू मिटूं लागला. तरी अक्षरें घरोघर पोंचवावयाचीं कशीं, हा प्रश्न उरलाच.

त्याचें उत्तर लिनक्सवाल्यांच्या 'पॅकेज' म्हणजे गांठोडें बांधण्याच्या कलेंत होतें. डेबियनचें 'डीपीकेजी' व रेड हॅटचें १९९५ चें 'आरपीएम' यांच्या गांठोड्यांत सॉफ्टवेअरबरोबर एक यादीहि असे: यास आणखी काय काय लागतें. खरी चतुराई या यादींतच आहे. १९९९ च्या डेबियनमधील 'ॲप्ट' तर एका ओळीच्या आज्ञेसरशी उणें असेल तें स्वतःच आणूं लागलें.

पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या अक्षरांवरून झालेला 'लोहित' फॉन्ट रेड हॅटनें सर्वांस खुला केला. फेडोरांत तो 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स', तर डेबियनमध्यें 'फॉन्ट्स-लोहित-देवा' या नांवानें बांधलेला मिळतो. अक्षर एक, गांठोडीं दोन! विंडोजवर तेवढाहि खटाटोप नको; फाईल फॉन्टच्या खणांत ठेवली, कीं झालें.

जुन्या संकेतांत अडकलेलीं पत्रें व हस्तलिखितें मात्र कोणी तीं युनिकोडांत उतरवीपर्यंत तशींच मुकीं पडून आहेत.