मुलकीचा दाखला

निजामी राज्यात सरकारी नोकरी इच्छिणाऱ्यास आधी ‘मुलकी’पण सिद्ध करावे लागे. १९१९ च्या नियमांनी बाहेरून आलेल्यास दोन अटी घातल्या : पंधरा वर्षांचा कायम वास, आणि मूळ स्थानी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र. पहिली अट दस्तऐवजांनी शाबीत होई. दुसरी मात्र अंतःकरणाची साक्ष मागे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी माणसे जागीच राहिली, मुलूखच हलला. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगे मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद म्हैसूर राज्यात. कालचे एकाच राज्यातील तुळजापूर भालकीच्या भक्तास परराज्यातले झाले!

२०१३ पासून ३७१-जे कलमान्वये बिदर-कलबुर्गीत राखीव जागांसाठी पुन्हा स्थानिकत्वाचा दाखला लागतो. कायद्याने पुरावा मागावा, हे रास्तच. परंतु कुलदैवताची ओढ म्हणजे परतण्याचा विचार नव्हे, हेही त्याने जाणावे.