मानसिक आजारातून सावरताना रोजगाराचा आधार

तीव्र मानसिक आजार असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या पुनर्वसनात औषधोपचारांइतकेच महत्त्व कामालाही आहे, ही बाब मानसोपचार क्षेत्रात आता सर्वमान्य झाली आहे. तरीही ‘आधी पूर्ण बरा हो, मग कामाचे पाहू’ असा सल्ला घराघरांत दिला जातो आणि या प्रतीक्षेत अनेकांच्या उमेदीची वर्षे निघून जातात. देशातील कायदे, पुनर्वसन संस्थांचा अनुभव आणि परदेशांतील संशोधन यांचा एकत्रित विचार केला, तर काम हा उपचारांचाच एक भाग आहे आणि योग्य आधार मिळाल्यास ते लवकर सुरू करता येते, असे दिसून येते.

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच निम्हान्सने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी १.९ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा तीव्र मानसिक आजार झाला होता, तर सर्वेक्षणाच्या काळात असा आजार असलेल्यांचे प्रमाण ०.८ टक्के होते. तीव्र आजार असलेल्या सुमारे ७३.६ टक्के व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचले नव्हते, हेही या सर्वेक्षणातून स्पष्ट झाले.

अडचण नेमकी कोठे येते?

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता, द्विध्रुवीय विकार आणि तीव्र स्वरूपाचे नैराश्य यांचा समावेश सर्वसाधारणपणे तीव्र मानसिक आजारांत केला जातो. बौद्धिक अक्षमता ही याहून वेगळी स्थिती आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने तिला मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. बोलण्याच्या ओघात मात्र या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि त्याचा फटका नोकरीच्या शोधात असलेल्या व्यक्तीला बसतो.

स्किझोफ्रेनियाची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. शिक्षण पूर्ण करण्याचे किंवा पहिली नोकरी मिळवण्याचे हेच वय असल्याने पदवी अर्धवट राहते, अनुभवाचा दाखला नसतो आणि दोन-चार वर्षांच्या खंडाचे कारण सांगणे अवघड जाते. भास आणि संशय औषधांनी आटोक्यात आले, तरी एकाग्रता, स्मरणशक्ती, कामाचे नियोजन आणि आपणहून पुढाकार घेण्याची क्षमता यांवर झालेला परिणाम बराच काळ टिकू शकतो. काही औषधांमुळे सकाळी सुस्ती राहते. घरच्यांना आणि वरिष्ठांना हा आळस वाटतो. वस्तुतः तो आजाराचा किंवा उपचारांचा परिणाम असतो.

आग्रा आणि मद्रास येथील अभ्यास

जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला. त्यात भारतातील आग्रा या केंद्राचा समावेश होता. आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती पाठपुराव्यात लंडन किंवा वॉशिंग्टनमधील रुग्णांपेक्षा चांगली आढळल्याने तज्ज्ञांमध्ये मोठी चर्चा झाली. शेतीप्रधान समाजात प्रत्येकाच्या वाट्याला झेपेल असे काम येते आणि कुटुंब सोबत असते, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. या निष्कर्षांबद्दल मतभेद आहेत. मात्र कामाचा प्रश्न त्यामुळे संशोधनाच्या केंद्रस्थानी आला.

मद्रास येथे १९८०च्या दशकाच्या प्रारंभी, आजाराच्या पहिल्याच टप्प्यात असलेल्या ९० रुग्णांचा अभ्यास सुरू झाला आणि पुढे २५ वर्षांपर्यंत त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. आजार असूनही त्यांपैकी अनेक पुरुष कमावते राहिल्याचे त्यात आढळले. कुटुंबाची जबाबदारी आणि घरच्यांचा आग्रह हे घटक त्यांना कामाकडे परत आणण्यास उपयुक्त ठरले असावेत, असे मानले जाते.

रुग्णालयातील उद्योगशाळा

मनोरुग्णालयांत रुग्णांना काम देण्याची प्रथा देशात जुनी आहे. रांची येथील केंद्रीय मनश्चिकित्सा संस्थेत १९२२ मध्येच व्यवसायोपचार विभाग सुरू झाला होता. विणकाम, सुतारकाम, शिवणकाम, छपाई, बागकाम आणि बेकरी हे विभाग पुढे अनेक संस्थांत दिसू लागले. दिवसाला वेळापत्रक मिळते, हातांना सवय लागते आणि इतरांसोबत वावरण्याचा सराव होतो, हे या उद्योगशाळांचे लाभ आहेत.

त्यांच्या मर्यादाही लक्षणीय आहेत. मेणबत्त्या किंवा कागदी पिशव्या तयार करण्याचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीला बाहेरच्या बाजारपेठेत त्या कौशल्यावर रोजगार मिळेलच असे नाही. परिणामी प्रशिक्षणामागून प्रशिक्षण होत राहते आणि प्रत्यक्ष नोकरीचा दिवस लांबतो. दुसरा प्रश्न मोबदल्याचा आहे. उपचारांच्या नावाखाली रुग्णांकडून झाडलोट किंवा स्वयंपाकघरातील कामे विनामूल्य करून घेण्याला आता कायद्याने प्रतिबंध आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २० नुसार आस्थापनेतील कोणत्याही व्यक्तीवर कामाची सक्ती करता येत नाही आणि तिने केलेल्या कामाचा योग्य मोबदला तिला द्यावा लागतो.

साहाय्यित रोजगाराची पद्धत

आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी हा क्रम अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे १९९०च्या दशकात बदलण्यात आला. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी विकसित केलेल्या पद्धतीत, काम करण्याची इच्छा हीच पात्रता मानली जाते. व्यक्तीच्या आवडीनुसार खुल्या बाजारातील नोकरीचा शोध साधारण महिनाभरात सुरू होतो. रोजगार साहाय्यक हा उपचार करणाऱ्या चमूचाच सदस्य असतो. नोकरी मिळाल्यानंतरही गरज असेपर्यंत त्याची मदत सुरू राहते.

लंडन, उल्म, रिमिनी, झुरिच, ग्रोनिंगन आणि सोफिया या सहा युरोपीय केंद्रांत ३१२ व्यक्तींवर या पद्धतीची चाचणी घेण्यात आली. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साहाय्यित रोजगार गटातील ५५ टक्के व्यक्तींनी किमान एक दिवस तरी खुल्या बाजारात काम केले. नेहमीच्या प्रशिक्षण केंद्रांत गेलेल्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होते. रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २० टक्के, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के होते. लवकर कामाला लागल्यास ताणामुळे आजार उलटतो, या समजाला या आकडेवारीने दुजोरा दिला नाही.

भारतात ही पद्धत जशीच्या तशी लागू करणे कठीण आहे. येथील बहुसंख्य रोजगार असंघटित क्षेत्रात असून मनुष्यबळ विभाग, नेमणूकपत्र किंवा निश्चित कामाचे तास यांचा तेथे अभाव असतो. किराणा दुकान, शेती, पशुपालन किंवा घरगुती उद्योग हेच बहुतेकांसाठी कामाचे पहिले ठिकाण ठरते. त्यामुळे येथे रोजगार साहाय्यकाला मालकाबरोबरच कुटुंबाशीही सतत संवाद ठेवावा लागतो.

देशातील प्रयत्न

चेन्नई येथे १९८४ मध्ये ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञ डॉ. शारदा मेनन यांच्या पुढाकाराने ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियाविषयक संशोधन संस्था स्थापन झाली. उपचार, संशोधन आणि व्यवसाय प्रशिक्षण या तिन्ही बाबी तिने एकत्र आणल्या. चेन्नईतच १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी बेघर, मनोरुग्ण महिलांसाठी ‘द बनियन’ संस्था सुरू केली. या संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात, दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या महिला सर्वसामान्य वस्तीतील घरात चार-पाच जणींच्या गटाने राहतात. बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी येणे-जाणे आणि जमेल ते अर्थार्जन हाच त्यांचा दिनक्रम असतो. निम्हान्सच्या परिसरातील ‘रोझेस कॅफे’ मानसिक आजारातून सावरत असलेल्या व्यक्ती चालवतात. तेथे येणाऱ्या ग्राहकाशी होणारा व्यवहार हा त्यांच्या पुनर्वसनाचाच भाग आहे.

महाराष्ट्रात पुणे येथील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ मधील मराठी चित्रपटाने हा आजार घराघरांत पोहोचवला. राज्यातील स्वमदत गटांत ‘रुग्ण’ या शब्दाऐवजी ‘शुभार्थी’ आणि काळजी घेणाऱ्या नातेवाइकासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रूढ झाले आहेत. कामासाठी बाहेर पडणाऱ्या व्यक्तीची ओळख आजारावरून ठरू नये, अशी भूमिका त्यामागे आहे.

कायद्याचे संरक्षण

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात मानसिक आजाराचा उल्लेख होता. परंतु नोकरीतील ३ टक्के आरक्षणात त्याला स्थान नव्हते. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला २००७ मध्ये मान्यता दिल्यानंतर हे चित्र बदलले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखीव आहेत. त्यांपैकी १ टक्का पदे स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या गटांसाठी आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. सध्याचे काम झेपत नसल्यास त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी महत्त्वपूर्ण निकाल दिला. मानसिक दिव्यांगत्व हा वर्तनामागील अनेक घटकांपैकी एक असला, तरी शिस्तभंगाची कारवाई अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या अधिकाऱ्याला सध्याच्या कामासाठी अयोग्य ठरवल्यास वेतन कायम ठेवून पर्यायी पद द्यावे आणि त्या पदावर शस्त्र हाताळावे लागणार नाही याची काळजी प्रशासन घेऊ शकते, असेही निकालात नमूद करण्यात आले.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू झाला. केवळ घर किंवा नातेवाईक नाहीत, या कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे. प्रत्यक्षात निवाऱ्याची सोय अपुरी आहे. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये घेतली आणि हा प्रकार थांबवण्याचे निर्देश दिले. राहण्याचे ठिकाण निश्चित नसेल, तर नोकरी टिकणेही अशक्य होते.

प्रमाणपत्र आणि निवृत्तिवेतन

मानसिक आजारामुळे आलेले दिव्यांगत्व मोजण्यासाठी ‘आयडियाज’ ही भारतीय मापनपद्धती वापरली जाते. स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांचा त्यात विचार होतो. ‘काम’ या क्षेत्रात नोकरीबरोबरच घरकाम आणि शिक्षण यांचाही समावेश असल्याने गृहिणी आणि विद्यार्थी यांचीही नोंद होऊ शकते. लग्नात अडथळा येईल किंवा शेजारी नावे ठेवतील, या भीतीने अनेक कुटुंबे प्रमाणपत्र घेण्याचे टाळतात. त्यामुळे आरक्षण आणि सवलती दोन्ही हातच्या जातात.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांत आणखी एक शंका असते. मुलाने चार पैसे कमावले, तर कुटुंब निवृत्तिवेतन कायमचे बंद होईल, या धास्तीने त्याला घरीच बसवले जाते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या संदर्भातील उत्पन्नाची अट शिथिल केली. त्यानुसार दिव्यांग अपत्याचे अन्य मार्गांनी मिळणारे उत्पन्न, सामान्य दराने देय असलेल्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे दिवंगत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई साहाय्य यांपेक्षा, कमी असल्यास त्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. अल्प वेळेचे काम स्वीकारण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडून ही मर्यादा लेखी समजून घेणे हिताचे ठरते.

कामाच्या ठिकाणी काय करता येईल?

कायद्यातील ‘वाजवी सोयी’ बहुतेक वेळा खर्चिक नसतात. सकाळी सुस्ती येणाऱ्या व्यक्तीला तासभर उशिरा येण्याची मुभा देणे, सूचना तोंडी न देता लिहून देणे, एका वेळी एकच काम सोपवणे, गोंगाटापासून दूर जागा देणे आणि दवाखान्यात जाण्यासाठी रजा मंजूर करणे, एवढ्यानेही फरक पडतो. द्विध्रुवीय विकारात झोप बिघडल्यास आजार उसळू शकतो. अशा व्यक्तीला रात्रपाळीतून वगळणे आवश्यक ठरते. आजाराविषयी कोणाला आणि किती सांगायचे, याचा निर्णय मात्र त्या व्यक्तीचाच असावा.

प्रत्येकाला पूर्णवेळ नोकरी झेपेलच असे नाही. ज्यांना ती झेपत नाही, त्यांच्यासाठीही दिवसाला काही प्रयोजन असणे महत्त्वाचे आहे. घरचा हिशेब ठेवणे, वाचनालयात दोन तास मदत करणे, बागेची निगा राखणे, भाच्याला शाळेत सोडणे किंवा स्वमदत गटाची बैठक चालवणे ही कामे वेतनाची नसली, तरी ‘माझ्यावाचून हे अडेल’ ही भावना त्यांतून मिळते. मात्र कमावण्याची इच्छा आणि क्षमता असलेल्या व्यक्तीला अशाच कामांत कायमचे गुंतवून ठेवणे योग्य नव्हे. तिची पसंती विचारणे, ही पुनर्वसनाची पहिली पायरी होय.

मानसिक आरोग्यविषयक समुपदेशन आणि जवळच्या सेवांची माहिती ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मराठीसह अनेक भारतीय भाषांमध्ये दिली जाते.