वऱ्हाडातील सायलेन्सरबदल : देखभालीपासून हौसेपर्यंत

अमरावती (एमएच-२७) आणि अकोला (एमएच-३०) येथील तरुणांत मोटारसायकलचा कंपनीचा सायलेन्सर उतरवून बाजारातला बसवण्याची जी हौस आज दिसते, तिची पूर्वपीठिका शोधू जाता ती टू-स्ट्रोक गाड्यांच्या देखभालीपर्यंत पोहोचते. एस्कॉर्ट्सच्या सहकार्याने १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या ९८ सीसीच्या यामाहा आरएक्स १०० मध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असल्याने सायलेन्सरच्या जाळीत, म्हणजे आवाज दाबणाऱ्या छिद्रांच्या नळीत, काजळी साचत असे. गाडी ओढेनाशी झाली की मिस्त्री मागचा बोल्ट सोडवून जाळी बाहेर काढी, तापवून किंवा कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ करी. आणि ती परत न बसवताच गाडी चालवली तर आवाज कसा फुटतो, हे कळायला वेगळ्या शिक्षणाची गरज नव्हती.

मात्र टू-स्ट्रोक गाडीत धूर सोडणारी नळी हा इंजिनाचाच भाग असतो. तिच्या फुगीर पोटातून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हे तत्त्व पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात परिपक्व केले. त्यामुळे जाळी काढणे एकवेळ खपून जाई, पण पोटाचा आकार बिघडला की गाडीची ओढ हमखास जाई.

पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि फोर-स्ट्रोक गाड्यांनी बाजार व्यापला. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाज पल्सर, २००३ मध्ये हिरो होंडा करिझ्मा, २००८ मध्ये यामाहा आर१५ आणि २०१२ मध्ये चाकणला बनलेली केटीएम २०० ड्यूक आली. कापसाचे चुकारे हाती आल्यावर घेतलेली असो वा बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाण्यासाठी, अशी गाडी परतवाड्यावरून चिखलदऱ्याच्या घाटात नेणे हे तिच्या मालकाला भूषण वाटू लागले. बुलेटसाठी ‘पंजाबी’ व ‘इंदोरी’ सायलेन्सर प्रसिद्ध होतेच. त्यांच्या जोडीला स्लिप-ऑन, म्हणजे फक्त शेवटचा डबा बदलणे, आणि फुल सिस्टिम, म्हणजे इंजिनापासूनच्या बेंड पाइपसह सगळेच बदलणे, हे प्रकार रूढ झाले. आवाज आटोक्यात ठेवणारी सुटी नळी ‘डीबी किलर’ म्हणून ओळखली जाते आणि पुष्कळदा तीच आधी काढली जाते. इंधनाचे प्रमाण संगणक ठरवत असलेल्या गाडीत ते प्रमाण नव्याने जुळवले नाही, तर नुसत्या स्लिप-ऑनने ताकदीत नाममात्र फरक पडतो. खर्च प्रामुख्याने आवाजावर होतो.

कायद्यानेही या बदलाची दखल घेतली. कारखान्यातून निघणाऱ्या ८० ते १७५ सीसी दुचाकीस ७७ डेसिबल आणि त्यावरील दुचाकीस ८० डेसिबल अशी मर्यादा या शतकाच्या आरंभी लागू झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही असे स्पष्ट केले, तर त्याच वर्षीच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले गेले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हे ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम झाला. म्हणजे वेगाला अनुकूल रस्ता आणि आवाजाला प्रतिकूल कायदा वऱ्हाडात जवळपास एकाच वेळी आले. आरएक्सच्या काळात जाळी काढणे हे मिस्त्रीचे काम होते. आता तीच कृती गुन्हा ठरते, आणि गाडीच्या आवाजाचा निर्णय गॅरेजकडून निकषांकडे गेला आहे.