टिकॉन्डरोगा (आगबोट)

टिकॉन्डरोगा ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शॅम्प्लेन सरोवरावर चालणारी प्रवासी आगबोट होती. हे सरोवर व्हरमाँट व न्यूयॉर्क या राज्यांच्या सीमेवर असून त्याचे उत्तर टोक कॅनडात जाते. १९०६ साली बांधलेली ही बोट सध्या व्हरमाँटमधील शेलबर्न संग्रहालयाच्या आवारात जमिनीवर उभी आहे. तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा आहे. न्यूयॉर्क राज्यातील टिकॉन्डरोगा गावाचेच नाव बोटीला देण्यात आले. स्थानिक लोक तिला 'टाय' म्हणत.

बांधणी

१८२६ साली स्थापन झालेल्या शॅम्प्लेन ट्रान्सपोर्टेशन कंपनीसाठी ही बोट शेलबर्न येथील गोदीत बांधण्यात आली. तिची लांबी २२० फूट (सुमारे ६७ मीटर), रुंदी ५९ फूट (सुमारे १८ मीटर) आणि वजन ८९२ टन आहे. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाणी मागे लोटणारी मोठी चाके आहेत. इंजिन न्यू जर्सीतील होबोकेन येथील फ्लेचर कंपनीने घडवले. कोळशावर चालणाऱ्या दोन बॉयलरांतील वाफेने इंजिनातील दट्ट्या वर-खाली होई. ही गती छतावरील भल्यामोठ्या तुळईच्या एका टोकाला मिळे व दुसऱ्या टोकाकडील दांडा चाकांचा आस फिरवी. आतील सजावटीत बटरनट व चेरीचे लाकूड वापरले असून छतांवर सोनेरी नक्षी आहे.

सेवा

प्रारंभी ही बोट व्हरमाँटमधील सेंट ऑल्बन्स ते न्यूयॉर्कमधील वेस्टपोर्ट या मार्गावर चाले. प्रवाशांबरोबर शेतमाल, जनावरे व किराणा यांचीही ने-आण होई. दोन्ही महायुद्धांच्या काळात तिने प्लॅट्सबर्ग व बर्लिंग्टन यांदरम्यान सैनिकांची वाहतूक केली. पुढे बर्लिंग्टन ते पोर्ट केंट ही फेरीही तिच्याकडे होती. काही काळ तिचा वापर तरंगते जुगारगृह म्हणूनही झाला. अधिक आधुनिक फेरीबोटी आल्यावर नियमित वाहतुकीत तिची गरज उरली नाही आणि ती सहलीची बोट म्हणून चालवली जाऊ लागली.

बचाव

१९५० पर्यंत हा व्यवसायही घटला व बोट मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा इतिहासलेखक राल्फ नॅडिंग हिल यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या आग्रहावरून शेलबर्न संग्रहालयाच्या संस्थापिका इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी ती संग्रहालयासाठी विकत घेतली. संग्रहालयाने काही हंगाम ती पाण्यावर चालवली. परंतु वाफेची जुनी यंत्रणा जाणणारे कुशल कर्मचारी मिळणे दिवसेंदिवस कठीण झाले.

स्थलांतर

१९५४ साली बोट जमिनीवरून संग्रहालयात नेण्याचे ठरले. त्यासाठी शेलबर्न उपसागरालगत एक कुंड खोदून त्यात पाणी भरण्यात आले. तळाशी रूळ टाकून त्यांवर चाकांचा गाडा ठेवला होता. उन्हाळी हंगाम संपल्यावर बोट स्वतःच्या वाफेवर कुंडात शिरली. पाणी उपसताच ती गाड्यावर टेकली. त्यानंतर हिवाळ्यात तिला महामार्ग, दलदल, रान, शेते व रटलंड रेल्वेचे रूळ ओलांडून ओढत नेण्यात आले. सुमारे २ मैलांच्या (३.२ किलोमीटर) या प्रवासास ६५ दिवस लागले आणि १९५५ मध्ये ती संग्रहालयात पोहोचली.

सद्यस्थिती

बोट दर्शकांसाठी खुली असून तिचे इंजिन, मुदपाकखाना, भोजनगृह व प्रवासी खोल्या आतून पाहता येतात. तुळईच्या इंजिनावर व बाजूच्या चाकांवर चालणाऱ्या अमेरिकन प्रवासी आगबोटींपैकी उरलेल्या मोजक्या बोटींमध्ये तिची गणना होते.